बंड करायचं तर बाई आधी निर्दोष असावी लागते का? (मराठी सिनेमा, बायका आणि पुरुषही)

निशिगंध
मराठी सिनेमाला बंडखोर बायका नव्या नाहीत. १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'मधली नीरा म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लावलेलं लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांची ती नीरा आज पाहिली तरी शिळी वाटत नाही. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती छडी घेऊन त्याला फोडून काढते. त्या काळी थेटरात बसून हे बघणाऱ्या बायकांच्या मनात काय आलं असेल, हा विचार मला प्रत्येक वेळी पडतो.

तरीही माझा एक आक्षेप आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतेय. आपल्या लोकप्रिय सिनेमात बाईने बंड केलेलं चालतं, पण ती आधी सर्वगुणसंपन्न असावी लागते. तिची चूक शून्य आणि समोरच्याची शंभर टक्के, असा हिशेब लागला की मगच प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहतो. नीरा पूर्णपणे फसवली गेली आहे. ती नवरा नाकारते, पण तिचं पाऊल कुठे वाकडं पडत नाही. शेवटी तिच्या नवऱ्यालाच, काकासाहेबांनाच (केशवराव दाते, काय ताकदीचे नट!) स्वतःचा अन्याय उमगतो, ते जीव देतात आणि मागे चिठ्ठी ठेवून तिला मोकळं करतात. म्हणजे सुटका झाली ती त्यांच्या मरणाने आणि त्यांच्याच परवानगीने.

दुसरं टोक १९९१ चा 'माहेरची साडी'. तिथे बंडच नाही. सोसणं हाच गुण, आणि जितकं जास्त सोसाल तितकी जास्त रडारड. महाराष्ट्रभर तो तुफान चालला.

१९८२ चा 'उंबरठा' या दोन्हींत बसत नाही. सुलभा महाजन (स्मिता पाटील) ही छळ झालेली सून नव्हे. घर खातंपितं, नवरा वकील, सासू स्वतः समाजकार्यातली. कुणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तरी ती लहान मुलीला मोठ्या जावेच्या हवाली करते आणि परगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीवर रुजू होते. कारण एवढंच, की तिला ते काम करायचं आहे. तेंडुलकरांच्या पटकथेने तिला दुसरं कुठलंही निमित्त दिलेलं नाही. आश्रमातही ती देवी होत नाही. तिथल्या सगळ्याच बायकांना ती वाचवू शकत नाही, चौकशी लागते, राजीनामा देऊन ती घरी येते. तोवर मुलगी जावेला बिलगलेली असते आणि नवरा अगदी शांतपणे सांगतो की त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे. सुलभा पुन्हा बाहेर पडते. जब्बार पटेलांनी शेवटी तिला गाडीत बसवलं आहे. ती जिंकली असं ते म्हणत नाहीत, आणि तिने पोरीला सोडायला नको होतं असंही कुठे म्हणत नाहीत.

ज्यांच्यात दोष आहेत, चुका आहेत, तरी सिनेमा ज्यांच्या बाजूने ठाम उभा राहतो अशा बायका तुम्हाला कुठे भेटल्या? आणि पुरुषांचं काय? 'कर्ता पुरुष' या चौकटीत न बसणारा नायक आपल्याकडे कुणी मनापासून स्वीकारला आहे का?

मध्यम_पंचम
चांगला विषय. पण लोकप्रिय सिनेमाची अडचणही समजून घ्या. तिकीट काढून येणाऱ्या हजार माणसांत सातशे जण बाईने घर सोडण्याच्या विरोधातले असतात. त्यांना सोबत घ्यायचं तर नायिका गोड आणि सोशिक दाखवावीच लागते. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) घ्या. शशी गोडबोले साधी, प्रेमळ, लाडू करून विकणारी. नवरा वाईट नाही, मुलगीही दुष्ट नाही, पण दोघांच्या बोलण्यात रोजची एक हेटाळणी आहे. माझ्या वडिलांनी तो सिनेमा बघितला आणि घरी आल्यावर आईला म्हणाले, "मी असं बोलतो का गं?" आई काहीच बोलली नाही. 'उंबरठा' बघून त्यांनी हा प्रश्न विचारला नसता, सुलभावर चिडून मोकळे झाले असते. निर्दोष शशीमुळे दार थोडं तरी किलकिलं झालं.

निशिगंध
@मध्यम_पंचम, वडिलांचा किस्सा वाचून बरं वाटलं. 'इंग्लिश विंग्लिश' मलाही आवडतो. पण त्यातला लाडवांचा प्रसंग आठवा. भाचीचं लग्न आणि इंग्रजीच्या वर्गाची परीक्षा एकाच दिवशी. शशीने दोन्हीची वेळ जुळवून ठेवलेली. ऐन वेळी पोरामुळे तयार लाडू जमिनीवर सांडतात. विकतचं गोड आणून भागलं असतं, घरातले तसं सुचवतातही. ती नाही म्हणते, परीक्षा सोडते आणि पुन्हा लाडू वळायला बसते. पाहताना डोळ्यांत पाणी येतं, पण मला तिथे फार राग आला होता. लाडू उत्तम झालेच पाहिजेत हा हट्ट तिचा, की तिला आयुष्यभर मिळालेल्या शिकवणीचा? सिनेमा तिला पुढे लग्नात भाषण देतो, वर्ग तिथेच येतो, शिक्षक तिला पास करतात. म्हणजे लाडूही झाले आणि परीक्षाही झाली. खऱ्या आयुष्यात दोन्ही होत नाहीत, एक जातं, आणि जातं ते बहुतेक वेळा परीक्षेचं पारडं. शशीने ते लाडू तसेच सोडून परीक्षेला जायला हवं होतं आणि तरीही ती आपल्याला आवडायला हवी होती.

सातारकरीण
निशिगंध, तुमचं सगळं पटलं, फक्त 'माहेरची साडी'वर तुम्ही दोन ओळींत फुली मारलीत ते नाही पटलं. मी तेव्हा नवी सून होते. आमच्या वाड्यातल्या आठ-दहा जणी मिळून गेलो होतो, एकीच्या सासूबाईसुद्धा सोबत होत्या. सगळ्या रडल्या, सासूबाईही रडल्या. त्या काळात सासरी काही त्रास झाला तर तो बोलायची सोय नव्हती. माहेरी सांगितलं तर "जरा जमवून घे", शेजारी सांगितलं तर बोभाटा. अंधारात तीन तास मनसोक्त रडायला मिळालं. आदर्श सून कशी असते ते शिकायला आम्ही नव्हतो गेलो. आपलं दुखणं कुणीतरी एवढ्या मोठ्या पडद्यावर मांडलंय, एवढ्यासाठीच गेलो होतो.

आमच्यातलीच एक पुढच्या वर्षी वेगळी राहायला लागली. सिनेमामुळे नव्हे, तिचं आधीच ठरत आलं होतं. पण परतताना एसटीत ती म्हणाली होती, "मी काही अशी मरायची नाही." पडद्यावरच्या बाईने सोसलं म्हणून बघणारीही सोसतेच असं नाही हो.

चतकोर
सातारकरीण काकू, हा प्रतिसाद फार आवडला.

भीमाकाठ
मी करमाळा तालुक्यातला. 'सैराट'चं शूटिंग आमच्याच भागात झालं, त्यामुळे या सिनेमावर बोलायचा थोडा जास्त हक्क सांगतो.

निर्दोष नसलेली नायिका म्हणाल तर आर्ची. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोराला आपणहून नजर देते, दम देते. २०१६ ला आमच्या गावातल्या पोरी तिच्यासारखं बोलायला लागल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आर्चीत एक गोष्ट आहे जी शहरातले लोक बोलत नाहीत. तिची धिटाई पाटलाच्या वाड्यातून आलेली आहे. बुलेट बापाची, ट्रॅक्टर बापाचा, आणि तिच्याकडे वर मान करून बघायची गावात कुणाची टाप नाही ती बापामुळे. तिचा प्रियकर परश्या, त्याच्या वस्तीतली एखादी पोरगी अशी वागली असती तर पहिल्याच दिवशी तिला आडवी केली असती. नागराज मंजुळेंनी हे कुठे भाषण देऊन सांगितलं नाही, पण दाखवलंय चोख.

खरी परीक्षा हैदराबादला होते. तिथे बाप नाही, जात कुणाला ठाऊक नाही. पत्र्याच्या खोलीत, वस्तीच्या घाणीत आर्ची रडते, घरची आठवण काढते, तिला घरातलं काम जमत नाही. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात जाते. बाई कमावती, पुरुष तव्यापाशी, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला सिनेमाचा हा भाग पहिल्या भागातल्या गाण्यांपेक्षा मोठा वाटतो.

आणि त्याच खोलीत परश्या संशय घेऊन तिच्यावर हात उचलतो. इतका हळवा, कविता करणारा पोरगा. लोक हे विसरतात. गावी आमच्या पोरांना विचारा, त्यांना विहिरीतली उडी आठवते, ती थप्पड आठवत नाही. आर्ची निघून जाते आणि मग परत येते. तिने परत यावं का, यावर आमच्या ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललं होतं. माझं मत, यायला नको होतं. माझ्या बायकोचं मत, यायला हवं होतं, कारण जायला तिला दुसरीकडे जागाच नव्हती. ती परत आली त्याला क्षमा म्हणू नका, असं बायको म्हणते.

निशिगंध
@भीमाकाठ, वहिनींचं म्हणणं मला जास्त पटलं. जायला जागा असणं ही फार मोठी गोष्ट आहे. सुलभाकडे निदान पदवी होती.

पंचगंगा_तीर
पुरुषांवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोल्हापूरचा आहे, तालमीत वाढलोय.

'नटरंग' (२०१०) मधला गुणा कागलकर हा आमच्याकडच्या पुरुषपणाचा अख्खा नमुना. अंगाने पैलवान, पोटाने शेतमजूर. विहिरीवर इंजिन बसतं, मजुरी जाते, म्हणून तो तमाशाचा फड उभा करतो. त्याला व्हायचं असतं राजा. फडाला मात्र नाच्या (बायकी हावभाव करून नाचणारा पुरुष) लागतो आणि नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही. शेवटी तोच होतो. या भूमिकेसाठी अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी तेच उतरवलं. तालमीतल्या माणसाला विचारा ते काय असतं. मांड्या, दंड, छाती यांवरच आमच्याकडे माणसाची किंमत होते. ती सगळी कमाई तो कलेपायी टाकून देतो आणि त्याच्या वाट्याला येतं काय, तर टिंगल, घरच्यांचं तोंड फिरवणं आणि बलात्कार. मराठी सिनेमात पुरुषावरचा बलात्कार इतक्या गांभीर्याने त्याआधी मी पाहिला नव्हता. थेटरात त्या प्रसंगाला काही पोरं हसली होती. त्यानंतर हसणारं कुणी नव्हतं.

दुसरं, 'जोगवा' (२००९). तायप्पाला जोगत्या (देवीला वाहिलेला पुरुष) करून साडी नेसवतात. त्याचा गुन्हा काहीच नाही, देवाच्या नावाने त्याचं पुरुषपण काढून घेतलं जातं. उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. त्यात मला आवडलं ते असं, की तायप्पा आणि त्याच्यासारखीच देवीला सोडलेली सुली एकमेकांना शोधतात ते बाई-पुरुष म्हणून ठरवून दिलेल्या कामांच्या पलीकडे जाऊन. दोघांचंही शरीर दुसऱ्यांनी वापरलेलं आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे.

आता एक टोचणारी गोष्ट. साडी नेसलेला पुरुष महाराष्ट्राला नवा नाही. बालगंधर्वांच्या साड्यांची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. त्यांच्यावर २०११ साली सिनेमा आला, सुबोध भावेंनी सुरेख काम केलं, सगळे गहिवरले. तोच पुरुष तमाशाच्या कनातीत साडी नेसून उभा राहिला की तो 'नाच्या', आणि त्याच्या पोराला शाळेत चिडवणार. संगीत नाटकातल्याला मान आणि फडातल्याला शिवी. यात जात आहे, पैसा आहे, आणि प्रेक्षागृहात पुढच्या रांगेत कोण बसतं तेही आहे. 'नटरंग' आणि 'बालगंधर्व' लागोपाठ बघा, एका वर्षाच्या अंतराने आलेत.

चतकोर
+१०० पंचगंगा_तीर. असं लागोपाठ कधी बघितलंच नव्हतं.

परिपूर्णतेचा विषय निघालाच आहे तर शरीराबद्दल थोडं. 'वजनदार' (२०१६) साठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी खरोखर वजन वाढवलं. त्याआधी आपल्याकडे जाड बाई म्हणजे विनोदाला आणलेलं पात्र, नायकाच्या मागे लागणारी किंवा डबा संपवणारी. मी स्वतः जाड आहे. हसणाऱ्यांबरोबर हसत मोठी झाले, कारण न हसणं परवडत नाही. 'वजनदार' शेवटी काही फार खोल जात नाही, पण मधे मधे त्या दोघी नुसत्या असतात, खातात, गप्पा मारतात, भांडतात, आणि कॅमेरा त्यांच्या पोटावर विनोद करायला जात नाही. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

मध्यम_पंचम
स्वयंपाकघराकडे परत येतो. 'गुलाबजाम' (२०१८) विसरू नका. लंडनची नोकरी सोडून एक मुलगा पुण्यात मराठी स्वयंपाक शिकायला येतो. त्याला शिकवणारी राधा (सोनाली कुलकर्णी) तिरसट, एकलकोंडी, माणसांना घाबरणारी. ती 'अन्नपूर्णा' नाही, म्हणून मला ती खरी वाटली. हातात चव आहे आणि जिभेवर गोडवा नाही, अशी बाई पडद्यावर कितीदा दिसते? शिवाय पुरुषाने पोळी शिकणं हा त्यात विनोद नाही.

निशिगंध
राधा माझीही लाडकी. पण सिनेमातला पुरुष स्वयंपाक शिकतो तो हॉटेल काढायला. रोज सकाळी सहाला उठून तीन डबे भरायला शिकणारा नायक मला अजून दिसायचा आहे. मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' (२०२१) मध्ये रोजचं ते सगळं आहे. सासऱ्यांना चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावर वाटलेली हवी, भात कुकरचा नको, चुलीवरचा हवा. सासरे काय, नवरा काय, दोघांपैकी कुणी आवाज चढवत नाही. सिंकचा पाइप गळतोय, ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगते, तो प्लंबरला फोन करायचं विसरतो, आणि ती रोज त्या खालच्या घाण पाण्याची बादली उपसते. शेवटी ते पाणी ती कुठे फेकते हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी राहू दे. घरातल्या माणसांना 'परफेक्ट' जेवण मिळतं त्याची किंमत त्या बादलीत दिसते. माझ्या ओळखीत त्या बादलीपाशी येऊन सिनेमा थांबवून ठेवणाऱ्या बायका आहेत. पुढचं बघवेना म्हणाल्या.

आणि आता 'अस्तित्व'. २००० साली महेश मांजरेकरांनी तो मराठी आणि हिंदी दोन्हीत केला. आदिती पंडितने (तब्बू) खरोखर चूक केली आहे, समाजाच्या भाषेत. नवरा सतत दौऱ्यावर असताना गाणं शिकवणाऱ्याशी संबंध, त्यातून मुलगा. पंचवीसेक वर्षांनी मृत्युपत्रामुळे ते उघड होतं. नवरा आणि मुलगा न्यायाधीश होऊन बसतात. आदिती हात जोडत नाही. नवऱ्याच्या दौऱ्यांवरच्या भानगडींबद्दल ती त्याला सगळ्यांसमोर विचारते आणि घराबाहेर पडते. होणारी सून मुलाला सोडून तिच्यासोबत जाते. माझ्या मते 'उंबरठा'नंतरचं सगळ्यात धीट काम हेच. नवरा सज्जन नव्हता म्हणून ती बरोबर ठरत नाही. माणूस म्हणून तिला जो हिशेब मागता येतो, तो ती मागते.

भीमाकाठ
इथे थोडा वाद घालतो. तुम्हीच म्हणता की नायिकेला निमित्त लागतं. मग 'अस्तित्व'मध्ये नवरा सतत बाहेर, बायको एकटी, तिला नोकरी करू देत नाही, हे सगळं निमित्तच नव्हे का? पटकथेने तिच्यासाठी माफीची कागदपत्रं तयारच ठेवली आहेत.

निशिगंध
@भीमाकाठ, एकटेपणाचं कारण दिलंय हे खरं. पण ते कारण ती ढाल म्हणून वापरत नाही. मला एकटं वाटत होतं म्हणून माझ्याकडून घडलं, मला पदरात घ्या, असं ती म्हणत नाही. कारण प्रेक्षकांसाठी आहे, ती स्वतः त्याच्यामागे लपत नाही.

सातारकरीण
'बाईपण भारी देवा' (२०२३) वर कुणी लिहिलं नाही? आमच्या भिशीतल्या सगळ्या नऊवारी नेसून गेल्या होत्या, त्यातल्या दोघी कित्येक वर्षांत थेटरात गेल्या नव्हत्या. सहा बहिणी, आणि सहाच्या सहा जणींमध्ये खोट. एकमेकींवर जळतात, जुने हिशेब काढतात, टोमणे मारतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांना असं भांडताना बघून फार बरं वाटलं, कारण बहिणी अशाच असतात. पाळी जाण्याच्या वयातलं शरीर, गुडघे, घाम, चिडचिड, आणि त्यातच मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी झिम्मा-फुगड्या. माझे गुडघे दुखतात म्हणून मी सांगते, फुगडीत धाप लागलेली बाई पडद्यावर दिसणं काही लहान गोष्ट नाही.

तक्रार एकच. शेवटी सगळ्यांचं सगळं जुळतं. माझ्या धाकट्या बहिणीशी माझं अजून जुळलेलं नाही आणि कुठल्या स्पर्धेने ते जुळणारही नाही.

पंचगंगा_तीर
काकू, या तक्रारीवर वेगळा धागा काढा, वाचायला येतो.

चतकोर
'उंबरठा' या रविवारी पुन्हा पाहिला, लेक सोबत होती, कॉलेजात आहे. ती सुलभावर भयंकर चिडली. "पोरीला टाकून कशी जाऊ शकते?" मी विचारलं की बाबा दोन वर्षं दुबईला होते तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, त्यांच्यावर चिडलीस का? ती म्हणाली, "ते वेगळं, तेव्हा तू होतीस ना घरी."

निशिगंध
चतकोर, लेकीने नेमकं बोट ठेवलंय, आणि मला आता त्या मोठ्या जावेबद्दल बोलायचं आहे. तिला मूल नाही, ती सुलभाची पोर सांभाळते, घर चालवते, कुठेही कुरकुर करत नाही. सुलभा बाहेर पडू शकते, कारण घरात एक बिनतक्रार बाई उरते. आशालता यांनी ते काम इतकं शांतपणे केलंय की ती लक्षातही राहत नाही. तिने एक दिवस "मी नाही सांभाळणार" असं म्हटलं असतं तर तेंडुलकरांनी पुढचा प्रवेश काय लिहिला असता? जावेला मध्यभागी ठेवणारा सिनेमा मला कुठल्याच भाषेत आठवत नाही. कुणाला आठवत असेल तर नाव टाका.